आधी भिजवा, मग चोळा : दारची गाडी धुण्याची रीत



दसरा जवळ आला की गावोगाव गाड्या धुवायला निघतात. ट्रॅक्टर, भाजीपाला नेणारी पिकअप, पोराची मोटारसायकल, आणि असली तर दारची मोटार. खंडेनवमीला अवजारांबरोबर गाडीचीही पूजा होते, तेव्हा ती चकचकीत हवीच. मग कोणी नारळाचा काथ्या घेतो, कोणी कपड्याची पावडर मूठभर टाकतो आणि जोर लावून घासतो. त्या दिवशी गाडी छान दिसते. पण चार दिवसांनी उन्हात जरा तिरपं उभं राहून पाहा. पत्र्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतील. ते रस्त्यानं पाडलेले नाहीत, आपल्याच हातानं पडलेले आहेत.

आता पोळ्याचा दिवस आठवा. बैल ओढ्यावर नेला की आपण लगेच घासायला लागतो का? नाही. आधी पाण्यात उभा करतो, अंगावर पाणी मारतो, शेण-माती भिजू देतो, मग हातानं चोळतो. गाडीलाही हीच रीत लागू आहे.

ओरखडे पडतात कशानं?

गाडीवर बसलेल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. वाळू म्हणजे बहुतेक गारगोटीचा चुरा. तो साध्या चाकूच्या पात्याहूनही कठीण असतो. उलट मोटारीच्या पत्र्यावरचे रंगाचे सगळे थर मिळून साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर भरतात. कोरड्या धुळीवर फडकं फिरवलं की फडक्याचा पॉलिश कागद होतो. रोज सकाळी गाडी कोरडी झटकायची ज्यांना सवय आहे, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कोणी म्हणेल, ओरखडा पडला तर काय बिघडलं, गाडी चालतेच ना! पण रंग ही नुसती शोभा नव्हे, ते पत्र्याचं कातडं आहे. ओरखडा पत्र्यापर्यंत गेला की तिथं पाणी आणि हवा लागते, गंज धरतो आणि तो रंगाखालून पसरत जातो. आपल्या गाड्यांना तर धोका जास्तच. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असते, ते मिठासारखेच लोखंड खाते. बोर्डो मिश्रणातला मोरचूदही लोखंडाचा वैरी. कोकणपट्टीत खारा वारा आहेच. हप्ते फिटायच्या आधी पत्र्याला भोकं पडली, तर गाडी विकताना पदरात काय पडणार?

धुण्याची रीत

१. गाडी सावलीत लावा. इंजिन आणि पत्रा गार होऊ द्या. तापल्या पत्र्यावर साबण लगेच वाळतो आणि डाग राहतात.

२. आधी नुसतं पाणी. टपापासून खाली, भरपूर. वाळलेला चिखल खुरप्यानं खरवडू नका. पाणी मारून दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा मारा. तो आपसूक सुटतो. बहुतेक माती या पायरीलाच गेली पाहिजे.

३. बादल्या दोन घ्या. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. फडकं साबणात बुडवा, हातभर जागा पुसा, साध्या पाण्यात खळबळून घ्या, मग पुन्हा साबणात. दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसलेली वाळू पाहिली, म्हणजे ती गाडीवर फिरायची वाचली हे कळेल. औषध कालवायची बादली मात्र घेऊ नका.

४. साबण सौम्य हवा. गाडीचा शाम्पू मिळतो, तो डब्यावर लिहिलेल्या मापानंच घाला. धुण्याचा सोडा आणि कपड्याची पावडर रंगाचं तेज घालवतात.

५. फडकं मऊ सुती किंवा स्पंज. जुना बनियन चालेल. बटणाचा सदरा, गोणपाट, काथ्या, तारेची घासणी नको. हात हलका ठेवा आणि सरळ फिरवा, गोल गोल नको. फडकं खाली पडलं तर धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नका.

६. चाकं आणि खालची बाजू शेवटी, आणि वेगळ्या फडक्यानं. तिथं सर्वांत जास्त वाळू असते.

७. साबण वाळण्याआधी धुऊन काढा आणि लगेच मऊ कापडानं पाणी टिपून घ्या. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर हे चुकवू नका, नाहीतर पांढरे ठिपके बसतात.

पाखराची विष्ठा दिसली तर नखानं खरवडू नका. ओलं फडकं पाच मिनिटं ठेवा, मग अलगद उचला. ती वाळू दिली तर रंग खाते.

हे टाळा

डिझेल किंवा रॉकेलचा हात फिरवून चकाकी आणू नका. त्यावर धूळ चिकटते आणि रबर फुगून खराब होतं.

फवारणीच्या एच.टी.पी. पंपानं धुणार असाल, तर पंप, नळी आणि गन आधी स्वच्छ धुवा. आत उरलेलं औषध तुमच्याच अंगावर उडेल. गन पत्र्यापासून किमान हातभर लांब धरा. रंगाचा पोपडा सुटला असेल तिथं, रेडिएटरच्या जाळीवर आणि वायरींवर जोराची धार मारू नका. ट्रॅक्टर असेल तर एअर क्लीनर आणि सायलेन्सरचं तोंड आधी झाका, आणि धुऊन झाल्यावर ग्रीस भरा.

विहिरीच्या काठावर, ओढ्यात किंवा जनावरांच्या हौदाजवळ गाडी धुऊ नका. ते पाणी आपल्यालाच प्यायचं आहे.

पाणी नसेल तर?

टंचाईच्या दिवसांत काचा, दिवे, आरसे आणि नंबरप्लेट तेवढी ओल्या फडक्यानं पुसा. बाकी धूळ राहू द्या. नुसती बसलेली धूळ रंग खरवडत नाही, घासलेली धूळ खरवडते. खत वाहिलं असेल तर मात्र त्याच दिवशी हौद्यातलं खत झाडून दोन बादल्या पाणी ओता आणि हौदा सुकू द्या.

पत्रा उघडा पडलेला कुठं दिसला, तर पावसाळ्याची वाट पाहू नका. गंज पॉलिश कागदानं घासून काढा, प्रायमर लावा, वर रंग द्या. आज बोटभर जागा आहे, दोन पावसाळ्यांनी ती हातभर होईल.

आणि दसऱ्याला झेंडूचं तोरण बांधाल, ते तारेनं नको, सुतानं बांधा. पूजा झाली की हळदकुंकू आधी पाण्यानं भिजवा, मग पुसा.

पुन्हा एकदा सांगतो : आधी भिजवा, मग चोळा. राम राम मंडळी.