डबा कुणाचा, ते आधी बघा

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातलं. त्यामुळे तिथल्या खडेबाजारात जवानांच्या नावाने मदतीचा डबा पुढे आला की सहसा कुणी नाही म्हणत नाही. भामट्यांचं नेमकं इथंच फावतं. पावतीवर संस्थेचा नोंदणी क्रमांक, पॅन आहे का ते बघा; ‘घाई करा’ म्हणणाऱ्याला खुशाल वाटेला लावा.

खरा निधी कुठला, तेही माहीत हवं. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९पासूनचा. ध्वजदिन निधी केंद्रीय सैनिक बोर्ड सांभाळतं. तो माजी सैनिक, वीरपत्नी यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी. ‘भारत के वीर’ मात्र सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांतील शहिदांच्या कुटुंबांसाठी. दोन्ही एकच समजण्याचा घोळ बरेच जण घालतात.

देणगीसाठी एकच संस्था निवडायची, तर खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र. मणक्याला इजा होऊन हातपाय लुळे पडलेल्या जवानांचं हे घर. काही जण तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात.