वळणारं वॉरहेड: रडारवर दिसतं, तरी पाडता का येत नाही?

आज एकाच प्रश्नावर बोलूया. येणारं क्षेपणास्त्र रडारवर स्वच्छ दिसत असतं, मग ते पाडणं इतकं अवघड का?

बॅलिस्टिक क्षेपणास्त्राचं इंजिन सुरुवातीची काही मिनिटंच जळतं. पुढचा प्रवास फेकलेल्या दगडासारखा. त्यामुळे रडारने थोडा वेळ पाहिलं की कॉम्प्युटर सांगतो, हे अमुक क्षणी अमुक जागी असेल. उंच कॅच घेणारा फिल्डर चेंडूच्या मागे पळत नाही, तो पडणार तिथे पोचतो. इंटरसेप्टरचंही तसंच. सगळी मदार या अंदाजावर.

आता चेंडू खाली येता येता वळला तर?

1991 च्या आखाती युद्धात हे घडलं, आणि तेही कुणी न ठरवता. इराकने सोव्हिएत स्कडचा पल्ला साधारण 300 किलोमीटरवरून 600 च्या पुढे नेला. इंधन वाढवलं, वॉरहेड हलकं केलं. हे 'अल-हुसैन' वातावरणात परत शिरताना मोडायचं. तुकडे पसरायचे आणि वॉरहेड गिरक्या घेत खाली यायचं. म्हणजे जुगाड फसला, आणि फसला म्हणूनच पेट्रियटला चकवून गेला! टीव्हीवर आकाशातले स्फोट जगाने पाहिले, अमेरिकी लष्कराने मोठ्या यशाचे आकडे दिले. पण 1992 मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेला वॉरहेड नष्ट झाल्याचा सर्वात भक्कम पुरावा जेमतेम 9 टक्के प्रसंगांत सापडला. बाकी सगळे नेम चुकलेच, असा याचा अर्थ नाही हं. पण आकाशात स्फोट दिसला म्हणजे खालचं शहर वाचलं, असंही नाही. आजही असे व्हिडिओ फॉरवर्ड होतात तेव्हा मला हेच आठवतं.

हेच वळणं मुद्दाम घडवणाऱ्या वॉरहेडला 'मार्व्ह' म्हणतात. अमेरिकेचं पर्शिंग-2 हे त्यातलं गाजलेलं नाव, 1983 मध्ये पश्चिम जर्मनीत तैनात झालेलं. त्याला छोटे पंख होते. खालच्या जमिनीचं रडारचित्र साठवलेल्या नकाशाशी ताडून ते दिशा सुधारायचं. तिथे वळणं होतं मुख्यतः अचूक नेमासाठी. चकवा हा वरचा फायदा.

थोडं गणित करू. गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट जोर फक्त 3 सेकंद बाजूला लागला, तर वॉरहेड आधीच्या मार्गापासून दोनशेहून जास्त मीटर सरकतं. नव्या पेट्रियट पीएसी-3 ला तर थेट धडकच मारायची असते! शिवाय इंटरसेप्टरला उशिरा कळतं, त्यामुळे त्याची वळण्याची ताकद लक्ष्याच्या साधारण तिप्पट लागते, असा ठोकताळा आहे.

अर्थात वळणं फुकट नाही. प्रत्येक वळणात वेग जातो, उष्णता सोसावी लागते, पंख आणि यंत्रणेचं वजन स्फोटकांच्या वाट्यातून जातं. वेग घटला की बचाव करणाऱ्याला थोडी उसंत मिळते.

मग त्याला वळायच्या आधीच गाठलं तर? इस्रायलचं ॲरो-3 आणि अमेरिकेचं एसएम-3 हेच करतात. वातावरणाबाहेर हवाच नाही, त्यामुळे पंख निरुपयोगी, मार्ग पुन्हा दगडासारखा. पण हवा नसल्याने तिथे जड वॉरहेड आणि त्याच्यासोबत सोडलेला हलका फुगा अगदी एकाच वेगाने, शेजारी-शेजारी उडतात. आणि रडारला त्यातलं खरं कुठलं, ते ओळखायचं असतं.