रक्ताचा अहवाल आणि गिरणीची धूळ

सात रस्त्यावरील आमच्या चिकित्सालयात जुन्या गिरणीच्या बॉयलर खात्यातील एक वृद्ध कामगार आले. मुलाने पुण्यात करविलेली मेसोथेलिनची रक्ततपासणी प्राकृत. म्हणून ते निश्चिंत. वस्तुतः ही तपासणी फुप्फुसावरणाच्या मेसोथेलिओमा या कर्करोगाशी संबंधित. तेथेही ती पुष्कळदा चुकते. ॲस्बेस्टॉसिस तिने कळत नाही. त्यास एक्स-रे, श्वसनक्षमतेची चाचणी आणि व्यवसायाची पृच्छा हवी. (ती आम्हीही दुसऱ्या भेटीत केली!) वाफेच्या नळांवरचा ॲस्बेस्टॉसचा लेप ते हातांनी खरवडीत. तमकश्वास समजून दिलेल्या औषधाने कठीण झालेले फुप्फुस पूर्ववत होत नाही. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्यनोंदी नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांतील नंतरच्या मुदतीपर्यंत जपाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. यांची गिरणी केव्हाच बंद पडली; खाते आणि वर्षे आम्हीच केसपेपरवर लिहिली.