'लगान'ला हरवणाऱ्या सिनेमातला विनोदवीर

२००२चं ऑस्कर आठवतंय? आशुतोष गोवारीकरांच्या 'लगान'ला मागे टाकून 'नो मॅन्स लँड' जिंकला. त्यात खंदकात अडकलेला बोस्नियन सैनिक चिकी साकारणारा ब्रांको जुरिच मुळात विनोदी नट!

जन्म १९६२, सारायेवो. 'बॉम्बाय श्टाम्पा' या रॉक बँडचा गायक. 'टॉप लिस्टा नाद्रेआलिस्टा' या टीव्ही कार्यक्रमामुळे तो घरोघरी पोहोचला. त्यातल्या एका प्रहसनात मधोमध भिंत घालून सारायेवोचे दोन तुकडे केले होते. काही वर्षांतच शहराला खरोखर वेढा पडला. युद्धामुळे जुरिच स्लोव्हेनियात गेला आणि तिथे २००३ साली 'कायमाक इन मार्मेलादा' ही विनोदी फिल्म दिग्दर्शित केली.

'नो मॅन्स लँड' पाहिला नसेल तर जरूर पाहा. सुरुंगावर आडव्या पडलेल्या सैनिकाभोवतीचा विनोद अंगावर येतो!