तिसाव्या शतकातील फितुरी

अमेरिकेतील ‘ॲडव्हेंचर कॉमिक्स’ या चित्रमासिकाच्या एप्रिल १९५८ च्या अंकात, ऑटो बाइंडर यांच्या लेखणीतून आणि अल प्लास्टिनो यांच्या कुंचल्यातून, सहस्र वर्षांनंतरच्या युगात वावरणाऱ्या तरुण महानायकांचा जो संघ ‘लीजन ऑफ सुपर-हीरोज’ या नावाने अवतीर्ण झाला, त्याचे पहिल्या पंचवीस-सव्वीस वर्षांचे दफ्तर चाळू लागले म्हणजे असे दिसते की, ताऱ्याताऱ्यांतून संचार करणाऱ्या या पोरांना परक्या शत्रूचा पाडाव करण्यापेक्षा स्वकीयांच्या अपराधांचा निवाडा करणेच अधिक जड गेले.

या दफ्तरातील सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण ब्रेनिॲक फाइव्ह याचे. सुपरमॅनचा वैरी असलेल्या ब्रेनिॲकचा हा बुद्धिमान वंशज १९६१ साली संघात दाखल झाला, तो पूर्वजाच्या पापाचे परिमार्जन करण्याची इच्छा मनी धरूनच. पुढे १९६४ मध्ये तो मूळ ब्रेनिॲक म्हणजे केवळ एक यंत्र असल्याचे जाहीर झाले आणि वंशाचा धागा दत्तकपुत्राशी जोडून घ्यावा लागला. परंतु दत्तकाला मिळकतीबरोबर घराण्याचा कलंकही मिळतोच. १९६६ च्या आरंभी त्याने निर्माण केलेले कॉम्प्युटो हे यंत्र निर्मात्यावरच उलटले, आणि तीन देहांनी जगणाऱ्या ट्रिप्लिकेट गर्लचा एक देह त्यात कायमचा नष्ट झाला. आश्चर्य याचे की त्याच वर्षीच्या मार्चच्या अंकात, आत्मसंरक्षणार्थ एका हल्लेखोराचा प्राण घेणाऱ्या स्टार बॉयवर संघाच्या घटनेतील हत्याबंदीच्या कलमान्वये मुकदमा चालला, तेव्हा आरोपीचा बचाव सुपरबॉयने केला आणि फिर्यादी पक्षाची बाजू मांडली ती याच ब्रेनिॲक फाइव्हने! हत्येवाचूनही सुटकेचा मार्ग होता, असा त्याचा युक्तिवाद. तो ग्राह्य ठरून स्टार बॉयची हकालपट्टी झाली. स्वतः वादीला मात्र त्याच्या यंत्राबद्दल कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही.

खरा फितूर आला तो त्याच वर्षीच्या जुलैमध्ये. पिट्सबर्गच्या जिम शूटर या अवघ्या चौदा वर्षांच्या मुलाच्या पहिल्याच प्रसिद्ध कथेत नेमेसिस किड संघात शिरतो, खुंड आक्रमकांना आतून साह्य करतो, आणि संशय मात्र कराटे किडवर जातो. पश्चात्तापाचा लवलेशही नेमेसिस किडच्या ठायी नाही. १९८४ साली त्याने कराटे किडचा वध केला आणि मृताची पत्नी प्रोजेक्ट्रा हिने त्याला स्वहस्ते ठार केले. अशा हेराला माफी देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि म्हणूनच साहित्यदृष्ट्या तो मला फारसा गुंतवीत नाही.

परंतु १९७९ मध्ये, पॉल लेव्हिट्झ आणि जिम स्टार्लिन यांच्या कथेत, विश्वाच्या संहारासाठी ओमेगा नामक राक्षसी शक्ती उभी करणारा हात ब्रेनिॲक फाइव्हचाच निघाला, तेव्हा लेखकांनी पळवाट काढली ती वेडाची: अपराध्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली, सबब जबाबदारी उरली नाही. त्या कथेतील दंड भोगला तो भलत्याच इसमाने. काहीही खाऊन पचवणाऱ्या मॅटर-ईटर लॅडने मिरॅकल मशीन नावाचे यंत्र गिळून अरिष्ट टाळले आणि त्या भरात स्वतःचे भान गमावले. ब्रेनिॲक फाइव्ह मात्र कालांतराने बरा होऊन पूर्ववत आपल्या आसनावर येऊन बसला.

उलट स्टार बॉयने काय केले? हाकलला गेल्यावर तो, आपली योग्यता नाकारली गेलेल्यांच्या दुय्यम पथकात ड्रीम गर्ल या सहकारिणीसह सामील झाला, आणि १९६६ सालच्या अखेरीस हे दोघे वेष पालटून, नाव लपवून, ज्या संघाने त्याला बरतर्फ केले त्याच संघाच्या साह्यास धावून आले. तेव्हा कुठे त्याला परत घेण्यात आले. सव्वीस वर्षांच्या या दफ्तरात शिक्षा निमूटपणे भोगून सेवेने परतलेला माणूस माझ्या मते हाच, आणि सर्वांत लहान कसूरही त्याचाच होता.