संगणक बदलताना जुना पत्रव्यवहार हरवू नये म्हणून

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य थांबविले. अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नसल्याने घरोघरी आणि दुकानोदुकानी नवे संगणक येऊ लागले आहेत. बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबाग या विणकरांच्या उपनगरांत, निपाणीच्या तंबाखू पेढ्यांत आणि त्यांच्याशी व्यवहार करणाऱ्या गोव्यातील दुकानांतही हा बदल अटळ आहे. नवे यंत्र आणणे सोपे असते. जुन्या यंत्रात साठलेली पंधरा-वीस वर्षांची पत्रे आणि पत्ते सुखरूप नव्या यंत्रात नेणे हे मात्र जोखमीचे काम आहे.

साडीच्या मागण्या, सुताचे दर, उधारीचे तगादे, मालाच्या पावत्या असे कितीतरी व्यवहार ई-मेलवरच झालेले असतात. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात, आणि हा नियम संगणकावरील नोंदींनाही लागू आहे. जुना संगणक घाईने भंगारात गेला, तर त्याबरोबर पुरावाही जातो.

त्यामुळे पहिला प्रश्न असा, की आपली पत्रे नेमकी आहेत कुठे? ई-मेल मागविण्याच्या दोन पद्धती आहेत. ‘आयमॅप’ पद्धतीत मूळ पत्र सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर राहते व संगणकावर केवळ त्याची प्रत दिसते. ‘पॉप’ पद्धतीत पत्र संगणकावर उतरते आणि पुष्कळदा सर्व्हरवरून पुसले जाते. विंडोज एक्सपीच्या काळातील आउटलुक एक्स्प्रेसमध्ये, वेगळी सूचना दिलेली नसल्यास, असेच घडत असे. याची परीक्षा सोपी आहे. मोबाइलवरून किंवा दुसऱ्या संगणकावरील ब्राउझरमधून आपले खाते उघडावे आणि दहा वर्षांपूर्वीचे एखादे पत्र शोधावे. ते सापडले, तर नव्या संगणकावर खाते जोडताच सर्व्हरवरील पत्रे आपोआप दिसू लागतील. न सापडल्यास त्याची एकमेव प्रत जुन्या हार्ड डिस्कवर असण्याचा संभव आहे.

अशा वेळी आपण कोणता प्रोग्राम वापरत होतो, हे पाहावे. आउटलुकमधील पत्रे ‘पीएसटी’ प्रकारच्या फाइलमध्ये असतात. ‘फाइल’, ‘ओपन अँड एक्स्पोर्ट’, ‘इम्पोर्ट/एक्स्पोर्ट’ या क्रमाने गेल्यास सारी पत्रे व पत्ते अशा एका फाइलमध्ये काढता येतात. ‘ओएसटी’ नावाची फाइल मात्र नुसती उचलून नेऊ नये. ती सर्व्हरवरील खात्याची प्रत असते आणि दुसऱ्या संगणकावर सहसा उघडत नाही. थंडरबर्डमध्ये ‘टूल्स’ मेनूतील ‘एक्स्पोर्ट’ वापरावे. पत्रांचा साठा फार मोठा असल्यास त्याचे संपूर्ण प्रोफाइल फोल्डर बाहेरील डिस्कवर घ्यावे. त्यात साठविलेले पासवर्डही असतात, म्हणून ती डिस्क कोणाच्याही हाती देऊ नये.

आउटलुक एक्स्प्रेसची पत्रे ‘डीबीएक्स’ फाइलमध्ये दडलेली असतात. तिचा ठावठिकाणा ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘मेंटेनन्स’मधील ‘स्टोअर फोल्डर’ येथे कळतो. ते फोल्डर आधी जसेच्या तसे उतरवून घ्यावे. त्यानंतर प्रोग्राममधील पत्रे निवडून एखाद्या साध्या फोल्डरमध्ये ओढून टाकली, की प्रत्येक पत्राची स्वतंत्र ‘ईएमएल’ फाइल होते. ती आजचे बहुतेक प्रोग्राम उघडू शकतात.

पत्त्यांसाठी ‘सीएसव्ही’ आणि ‘व्हीसीएफ’ हे दोन प्रकार सर्वत्र चालतात. सीमाभागातील पत्त्यांच्या यादीत मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तिन्ही लिप्यांतील नावे असतात. अशी यादी एक्सेलमध्ये उघडून साध्या सीएसव्हीत साठविली, तर देवनागरी व कन्नड नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात आणि मूळ अक्षरे परत मिळत नाहीत. म्हणून साठविताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडावा. जुन्या याद्यांतील दूरध्वनी क्रमांक पुष्कळदा एसटीडी कोडविना लिहिलेले असतात. बेळगावचा कोड ०८३१ आणि गोव्याचा ०८३२. तो जोडला नाही, तर मोबाइलवर आलेला तो क्रमांक निरुपयोगी ठरतो.

मराठी पत्रांची अडचण आणखी वेगळी आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टमध्ये टंकलिखित होत असे. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. तो फॉन्ट नव्या संगणकावर नसेल, तर पत्र उघडते, पण त्यात इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. पत्र बिघडले असे समजून ते पुसून टाकण्याची चूक येथेच होते. जुन्या संगणकातील ‘फॉन्ट्स’ फोल्डर पत्रांसोबत न्यावे, फॉन्ट नव्या यंत्रावर बसवावा, म्हणजे मजकूर वाचता येतो. पुढे परिवर्तक वापरून तो युनिकोडमध्ये आणावा. मात्र रफार व जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत आणि मूळ प्रत राखून ठेवावी.

सर्व्हरवरील पत्रेही कायमची सुरक्षित असतात, असे नाही. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गुगल काढून टाकू शकते. तेव्हा जुनी खाती अधूनमधून उघडावीत. संगणक बदलण्यापूर्वी त्या खात्यांशी जोडलेला मोबाइल क्रमांक आजही आपल्याकडेच आहे ना, हेही तपासावे. बंद पडलेल्या क्रमांकावर गेलेला ओटीपी आपल्याला मिळणार नाही. दुरुस्तीच्या दुकानात काम सोपविल्यास पासवर्ड स्वतः टाकावा आणि काम झाल्यावर बदलावा.

सारे नव्या यंत्रात आले, की तपासणी करावी. प्रत्येक फोल्डरमधील पत्रांची संख्या दोन्हीकडे जुळते का, सर्वांत जुने पत्र उघडते का, त्यासोबतची पावती दिसते का, हे पाहावे. पत्रांची एक प्रत बाहेरील डिस्कवर ठेवावी. जुना संगणक निदान महिनाभर तसाच राहू द्यावा आणि त्यानंतरच त्याची डिस्क पूर्णपणे पुसून तो कोणाला द्यावा. त्यातील ग्राहकांचे पत्ते व बँकेचे तपशील परक्या हाती जाऊ नयेत, याची जबाबदारी मालकाचीच असते.