संशोधनाच्या अर्जात नाव कोणाचे?

दुकानांतील कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय करून देणे मालकांवर बंधनकारक करणारी कायदादुरुस्ती तमिळनाडू विधानसभेने २०२१ मध्ये संमत केली. चेन्नईच्या टी. नगरमधील कापड दुकानांत दिवसभर उभ्या असणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांना ती सोय प्रत्यक्षात मिळते का, याच्या अभ्यासासाठी निधी मागणारा अर्ज आम्ही काही जण सध्या तयार करीत आहोत. उद्दिष्टे आणि खर्च यांवर लवकर एकमत झाले. मतभेद झाले ते ‘संशोधक चमू’ या रकान्यावर.

वर्षातून एखाद्या बैठकीला येतील अशा दोन ज्येष्ठ प्राध्यापकांची नावे परीक्षकांवर छाप पडावी म्हणून सुचवली गेली. याउलट, अशाच दुकानात बारा वर्षे काम केलेली आमची सहकारी ‘क्षेत्र-कार्यकर्ता : एक पद’ एवढ्या नोंदीत आटोपली. कोणता प्रश्न विचारल्यास विक्रेतीची नोकरी धोक्यात येईल, हे आमच्यापैकी फक्त तिलाच कळते. तिचे नाव लिहावे, असा माझा आग्रह आहे. तो उपकारबुद्धीने नव्हे, तर अर्ज खरा असावा म्हणून.

या शहराला या प्रश्नाचा जुना अनुभव आहे. क्षयरुग्णांवर घरी उपचार केले तर ते आरोग्यधामातील उपचारांइतकेच गुणकारी ठरतात का, याची तपासणी येथे १९५६ मध्ये सुरू झाली. १९३ रुग्णांवरील या अभ्यासाचा अहवाल १९५९ मध्ये केंद्राच्या सामूहिक नावाने प्रसिद्ध झाला आणि जगभरचे क्षयरोग धोरण बदलले. या निष्कर्षाची मदार रुग्णांच्या घरी अचानक जाऊन गोळ्या मोजणाऱ्या व लघवीचे नमुने आणणाऱ्या कर्मचाऱ्यांवर होती. नेतृत्व करणारे डॉ. वॉलेस फॉक्स आजही स्मरणात आहेत. ते कर्मचारी नाहीत. सामूहिक नावाखालीही श्रेय समान वाटले जात नाही.

शोधनिबंधाचे लेखक कोण आणि आभार कोणाचे, याचे संकेत वैद्यकीय नियतकालिकांनी ठरवले आहेत. परंतु निबंध लिहिला जाईपर्यंत कंत्राटी कर्मचारी बहुधा दुसऱ्या कामावर गेलेला असतो. म्हणून निर्णय अर्जातच व्हायला हवा. कसोट्या दोन पुरेत : ही व्यक्ती गेल्यास अभ्यासाची पद्धत बदलेल का आणि ती प्रत्यक्ष किती वेळ देणार आहे? शोभेची नावे या कसोट्यांवर आपोआप गळतील.

मात्र नाव लिहिण्याआधी संमती घेणे अनिवार्य आहे. आमच्या सहकारीला उद्या पुन्हा दुकानात नोकरी मागावी लागली, तर हेच नाव तिच्या आड येऊ शकते. तिचा नकारही तितकाच मानला पाहिजे.

२०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने आपल्या अर्जात कंत्राटी सहकाऱ्यांचे नाव, काम, वेळ आणि संमती नोंदवणारा स्वतंत्र रकाना ठेवावा. त्याला खर्च काही नाही. प्रकल्प संपल्यावर नवे काम शोधणाऱ्या व्यक्तीच्या हाती मात्र निदान एक अधिकृत नोंद राहील.